फायटिंग गेमवर वेब सिरीज: 'जसंच्या तसं दाखवा' म्हणणाऱ्यांनी आधी कॅमेरा कुठे लावणार ते सांगावं

फ्रेममोज्या: कालच्या पोस्टमध्ये कुणीतरी ठणकावलंय, "गेममध्ये दिसतं तस्सं बाजूने शूट करा, फॅन खूश." करा की! खोटा ठोसा उघडा पडायला बाजूचा कॅमेरा ही सगळ्यात वाईट जागा. मूठ आणि जबडा यांच्यातली वीतभर फट लख्ख दिसते. ती लपवायला कॅमेरा एकाच्या खांद्यामागे हवा, म्हणजे मूठ आणि चेहरा एका रेषेत येतात. लेन्स लांब पल्ल्याची, म्हणजे मधलं अंतर चेपतं. एवढं करून मार खाणाऱ्याची मान उशिरा वळली की मुसळ केरात.

वेगाचं तर बोलूच नका. गेम सेकंदाला ६० फ्रेमचा, सिनेमा २४ चा. ३ फ्रेममध्ये लागणारा जॅब, म्हणजे झटक्यात मारलेला सरळ ठोसा, पडद्यावर जेमतेम एक फ्रेम टिकेल. दिसणार काय, डोंबल?

बटणबडव्या: फट दिसते तर तोंडावर कशाला मारताय? पोटावर खरंच मारा. गी, म्हणजे कराटेचा पोशाख, ढगळ असतो, आत पॅड सहज मावतो, मग बाजूचा कॅमेराही चालतो. आणि गेममध्ये फटका बसला की दोघंही क्षणभर गोठतात, जोर त्यातून कळतो. एडिटमध्ये फटक्याची फ्रेम दोनदा ठेवली की तेच झालं.

फ्रेममोज्या: एक जादा फ्रेम म्हणजे सुमारे ४२ मिलिसेकंद, गेमच्या अडीच फ्रेम. तिथवर ठीक. पुढे प्रत्येक ठोशाला तीन-तीन ठेवल्या की व्हिडिओ अडकल्यासारखा वाटतो. पोटाचं मान्य. एक मुद्दा मिळाला, पेढे वाटा.

जुनाकॅबिनेट: ठोशांवर भांडा तुम्ही. बुडतं ते पात्रांच्या गर्दीने. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' मध्ये खेळायला ८ आणि वर ४ बॉस. त्यावरच्या १९९४ च्या सिनेमाने जवळपास सगळी वरात दोन तासांत कोंबली. त्याच गेमवरची २०१४ ची वेब सिरीज 'असॅसिन्स फिस्ट' बघा: र्‍यू, केन, गुरू गोकेन आणि मागच्या पिढीचं भांडण. स्पर्धा नाही. हाडोकेन, म्हणजे तळहातांतून फेकायचा ऊर्जेचा गोळा, शिकायला वेळ लागतो हीच गोष्ट.

बटणबडव्या: म्हणजे स्पर्धा नकोच? १९९५ चा 'मॉर्टल कॉम्बॅट' सिनेमा स्पर्धेवरच उभा आहे, साहेब.

जुनाकॅबिनेट: आहे. कारण तिथे स्पर्धा हीच गोष्ट आहे, हरलात तर पृथ्वी गेली. नुसता ढाल-चषक असता तर बघितला असता का?

निळागोळा: हाडोकेनचं नाव निघालंच आहे तर: गोळा नंतर संगणकावर काढता येतो, पण त्याचा उजेड चेहऱ्यावर सेटवरच पडायला हवा. म्हणजे तळहातांत एलईडी. आणि र्‍यूच्या गीला बाह्याच नाहीत! वायर लपवणार कुठे?

फ्रेममोज्या: लाल ग्लोव्ह्ज कशाला आहेत? छोटी बॅटरी मनगटापाशी, वायर दंडापर्यंत जातच नाही. शटर (प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) मात्र ९० अंशांवर ठेवा, १८० वर हात नुसता पुसट होतो.

निळागोळा: झालं! छोटं शटर आणि स्वस्तातला डिमर म्हणजे चित्रभर काळे पट्टे. तो डिमर दिवा मंद करत नाही, भराभर चालू-बंद करतो, आणि कॅमेरा ते पकडतो. सेटवरच्या छोट्या मॉनिटरवर कळतही नाही, एडिटला बसल्यावर बोंब.

फ्रेममोज्या: डिमर कुणी लावायला सांगितला? करंट कमी करा, नाहीतर एलईडी पूर्ण पेटवून वर डिफ्यूजनचा, म्हणजे उजेड मऊ करणारा, कागद चिकटवा.

निळागोळा: घाम आला की कागद निघतो.

बटणबडव्या: बाजूच्या कॅमेऱ्याचा धागा होता हा. कागद टेपने चिकटवा आणि झोपा.

निळागोळा: टेप चमकतो.