ट्रामचा ब्रेक : ‘दाबला’ की ‘आवळला’?

प्रश्न : विजेवरच्या सुरुवातीच्या ट्रामगाड्यांविषयीचा एक इंग्रजी लेख मराठीत आणते आहे. काळ १८८८च्या आसपासचा, गाव अमेरिकेतलं रिचमंड. दोन ठिकाणी अडले. ‘मोटरमनने ब्रेक सेट केला’ याला ‘ब्रेक दाबला’ म्हणावं का? आणि ‘टू-मोटर इक्विपमेंट’ला ‘दोन मोटर-उपकरणे’ चालेल का?

उत्तर : ‘दाबला’ नको. दाबायला तिथे काही नव्हतंच. ब्रेक मारतो, दाबतो ही आपली क्रियापदं पायाखालच्या पेडलमुळे आणि सायकलच्या मुठीमुळे रुळली. या ट्राममध्ये चालकासमोर एक उभा लोखंडी दांडा असे आणि त्याच्या डोक्यावर वाकडी मूठ. मूठ फिरवली की दांड्याच्या तळाशी साखळी गुंडाळली जाई, अगदी रहाटावर दोर गुंडाळावा तशी. साखळी सळईला ओढी, सळई तरफांना, आणि शेवटी बिडाचे ठोकळे चाकांच्या धावेवर घट्ट बसत. म्हणून ‘आवळला’ हेच क्रियापद मला योग्य वाटतं. पट्टा आवळतो, दोरी आवळतो, तसाच हा ब्रेक. त्यात लागणारी ताकदही त्या शब्दात आपोआप येते.

पुढची एक गोष्ट अनुवादात गाळू नका. दांड्याच्या तळाशी दातेरी चक्र असे. ब्रेक पुरेसा आवळला की चालक बुटाच्या टोकाने एक खटका त्या दात्यांत ढकली. मग हात सोडला तरी ब्रेक धरून राही. सोडताना पायानेच खटका उडवायचा. साखळीवरचा ताण सुटला की मूठ गरकन उलटी फिरे. तेव्हा हात बाजूला असलेला बरा! इंग्रजीत या खटक्याला ‘डॉग’ म्हणतात. लेखात तो शब्द आला, तर कृपा करून ‘कुत्रा’ लिहू नका.

आता इक्विपमेंट. ‘उपकरणे’ म्हटलं की सुटी हत्यारं डोळ्यांपुढे येतात. ट्रामवाल्यांच्या बोलीत हा शब्द सगळ्या जोडणीसाठी होता : मोटरी, वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर, विजेचा प्रवाह अडवणारी रोधकुंडलं, तारा, सगळं एकमेकांना जुळेल असं. मी ‘दोन मोटरींचा संच’ म्हणेन. ‘साज’ हा शब्दही मनात आला होता, कारण या गाड्यांनी घोड्यांचीच जागा घेतली. पण साज घोड्याच्या अंगावर चढतो आणि इथे घोडाच संचात आहे, म्हणून तो सोडला.

रिचमंडची ही ट्राम उभारणारे अभियंते फ्रँक स्प्रेग यांनी मोटर कशी टांगली तेही नीट लिहा. तिची एक बाजू थेट आसावर बसवलेली आणि दुसरी स्प्रिंगच्या आधाराने गाडीच्या सांगाड्याला. गाडी कितीही हिंदकळली तरी मोटर आसाबरोबर हलते आणि मोटरच्या व आसाच्या दातेरी चाकांची एकमेकांवरची पकड सुटत नाही. रिचमंडच्या रस्त्यांना काही ठिकाणी शंभर फुटांत दहा फूट चढ होता. तिथे ही पकड सुटली असती तर सगळंच फसलं असतं. इंग्रजीत या रचनेला ‘व्हीलबॅरो’ म्हणतात. त्याला ‘हातगाडी’ लिहिलंत तर वाचकाला भाजीवाला दिसेल. बांधकामावरची एकचाकी ढकलगाडी म्हणा. तिचंही एक टोक चाकावर असतं आणि दुसरं हातांत.

आणखी एक उत्तर : ‘मोटरमन’ मात्र तसाच ठेवा. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली आली आणि १९६४ साली गेली, पण तो शब्द लोकलमध्ये रोज ऐकू येतो. ‘चालक’ लिहिलंत तर बस डोळ्यांपुढे येते.

प्रश्न विचारणारी : दोघांचेही आभार. वाक्य असं केलं आहे : ‘उतार लागताच मोटरमनने मूठ फिरवून ब्रेक आवळला आणि बुटाने खटका दात्यांत ढकलला.’ मूळ वाक्यात बूट नाही. ठेवू का?

उत्तर : ‘ब्रेक सेट केला’ यात तो खटका येतोच, आणि खटका पायानेच बसे. ठेवा.