‘एक्सकम्युनिकेट’ला मराठीत काय म्हणावं? बहिष्कृत, वाळीत की आणखी काही?

प्रश्न

मध्ययुगीन युरोपच्या इतिहासावरचं एक पुस्तक मराठीत आणते आहे. ‘एक्सकम्युनिकेट’, म्हणजे चर्चने एखाद्याला आपल्यातून दूर करणं, या क्रियापदापाशी पंधरा दिवस घोडं अडलं आहे. कोशात ‘बहिष्कृत करणे’ मिळतं, म्हणून आधी तेच लिहिलं: ‘१०७६ साली पोप सातव्या ग्रेगरीने जर्मन राजा चौथा हेन्री याला बहिष्कृत केले.’ मसुदा वाचून माझा भाचा म्हणाला, ‘मावशी, केलं तर केलं. राजाचं त्यात काय बिघडलं?’ त्याचं म्हणणं रास्त आहे. वर्षाच्या आत हाच राजा भर हिवाळ्यात, बायको आणि लहानग्या मुलासह आल्प्स ओलांडून इटलीत कानोसाच्या गडाखाली येऊन उभा राहतो. ती धावपळ कशापायी, हे ‘बहिष्कृत’ या शब्दातून कळतच नाही. जाणकारांनी सुचवावं.

उत्तर

ताई, ‘वाळीत टाकणे’ लिहा. बेधडक लिहा.

‘बहिष्कार’ या शब्दाची धार आता गेली आहे. आपण निवडणुकीवर बहिष्कार टाकतो, परीक्षेच्या कामावर टाकतो, मालावर टाकतो. त्यात टाकणारा स्वतःच बाजूला होतो. ‘बहिष्कृत’चं कारण वेगळं आहे. १९२४ साली डॉ. आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तेव्हापासून मराठीत त्या शब्दाला जन्मानेच वेशीबाहेर ठेवलेल्या माणसांचा अर्थ चिकटला आहे, आणि तो तसाच राहावा असं मला मनापासून वाटतं. हेन्री तसा नव्हता. तो पंगतीत बसलेला होता, त्याला पानावरून उठवलं.

मूळ लॅटिन शब्दातही हीच पंगत दडलेली आहे. ‘कम्युनिओ’ म्हणजे समाज, एकत्र असणं. आणि चर्चमध्ये सर्वांनी मिळून घ्यायचा पवित्र भाकरीचा प्रसाद, तोही ‘कम्युनिओ’च. त्यातून ‘एक्स’, म्हणजे बाहेर. आपल्याकडचा जुना ‘पंक्तिबाह्य’ जवळजवळ त्याच चित्रातून आलेला आहे. तो सुंदर आहे, पण आज कोणाच्या तोंडी नाही.

आता राजाचं काय बिघडलं ते. भांडण होतं बिशप नेमण्याच्या हक्काचं. बिशपच्या हाती अंगठी आणि धर्मदंड राजाने द्यायचा की नाही? बिशप म्हणजे नुसते पूजाअर्चा करणारे नव्हेत. त्यांच्याकडे मोठाल्या जमिनी होत्या, लढाईला माणसं पाठवण्याची ताकद होती. ती नेमणूक हातची गेली की राज्याचा एक खांबच निखळतो. जानेवारी १०७६ मध्ये हेन्रीने वर्म्स इथे आपले बिशप जमवून ग्रेगरीला पोपपदावरून उतरायला सांगितलं. फेब्रुवारीत ग्रेगरीने त्याला वाळीत टाकलं, राज्यकारभार करायला मनाई केली, आणि त्याच्याशी निष्ठेची शपथ घेतलेल्या सगळ्यांना त्या शपथेतून मोकळं केलं. खरा घाव हा शेवटचा. त्या काळचं राज्य शपथांवर उभं होतं. सरदार आधीच बिथरलेले, सॅक्सनीत बंड होऊन गेलेलं. त्यांनी ऑक्टोबरात ट्रिबुर इथे जमून मुदत घातली: वाळीत टाकल्याला वर्ष भरायच्या आत पोपकडून सुटका करून घे, नाहीतर दुसरा राजा निवडतो.

म्हणून कानोसा. गड मॅटिल्डा या टस्कनीच्या सत्ताधारी बाईंचा. २५ जानेवारी १०७७ पासून तीन दिवस हेन्री राजवस्त्रं उतरवून, अनवाणी, लोकरीच्या साध्या कपड्यात दारात उभा राहिला. हे वर्णन खुद्द ग्रेगरीने जर्मन सरदारांना पाठवलेल्या पत्रात आहे. त्यात तो असंही कबूल करतो की, जवळचेच काही जण म्हणायला लागले, ही धर्मगुरूची कठोरता नव्हे, जुलमी माणसाचा क्रूरपणा आहे. शेवटी मॅटिल्डा आणि हेन्रीचा धर्मपिता, क्लुनी मठाचा प्रमुख ह्यू, यांनी शब्द टाकला आणि दार उघडलं.

दुसरं उत्तर

वरच्या मताला दुजोरा. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. लहानपणी पाहिलेलं एक घर अजून डोळ्यांसमोर आहे. जमिनीच्या वादावरून त्यांना वाळीत टाकलं होतं. त्यांच्या घरी म्हातारी गेली तेव्हा खांदा द्यायला गावातलं कोणी गेलं नाही. लेकाचे मेव्हणे दुसऱ्या गावाहून येईपर्यंत प्रेत ओटीवर होतं. माझी आजी दाराआड उभी राहून रडत होती, पण गेली नाही. ‘वाळीत’ शब्द वाचला की मराठी माणसाला हे आठवतं. ताईंना हवं ते वजन यातच आहे. जुन्या मराठीत ‘वाळणे’ म्हणजे टाकणे, वर्ज्य करणे. सुकण्याशी याचा संबंध नाही.

तिसरं उत्तर

मी वसईचा, कॅथलिक. शब्द मान्य, पण एक अडचण सांगतो. वाळीत गावकी टाकते. तिथे लेखी कायदा नाही, म्हणून तर २०१६ साली महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. चर्चमध्ये शिक्षा देणारा अधिकारी ठरलेला होता, कारणं ठरलेली होती, आणि सुटकेची वाटही ठरलेली होती. चर्चच्या कायद्यात ही शिक्षा औषधासारखी मानतात. माणूस परत यावा म्हणून ती द्यायची. बाप्तिस्मा पुसला जात नाही. त्यामुळे ‘धर्मातून काढलं’ किंवा ‘धर्मबाह्य केलं’ मात्र कृपा करून लिहू नका. ते साफ चूक आहे. पहिल्यांदा येईल तिथे ‘ख्रिस्तसभेतून’, म्हणजे चर्चमधून, ‘वाळीत टाकलं’ लिहा, पुढे नुसतं ‘वाळीत’ चालेल.

प्रश्नकर्ती

दादा, ‘ख्रिस्तसभेतून’ घेते. मग ‘इंटरडिक्ट’ला काय करू? इंग्लंडच्या जॉन राजाच्या प्रकरणात दोन्ही शब्द एकाच पानावर आहेत.

तिसरं उत्तर देणारे

तो वेगळाच प्रकार आहे, तिथे ‘वाळीत’ वापरू नका. कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख, म्हणून पोप तिसऱ्या इनोसंटने निवडलेला स्टीफन लँग्टन जॉनला नको होता. म्हणून पोपने मार्च १२०८ मध्ये अख्ख्या इंग्लंडमधले धर्मविधी थांबवले. घंटा गप्प. लेकरांचा बाप्तिस्मा आणि मरणाऱ्याचं पापनिवेदन तेवढं चालू; चर्चच्या पवित्र आवारात दफन मात्र नाही. हे जुलै १२१४ पर्यंत चाललं, सहा वर्षांहून जास्त. आईबापांना चर्चच्या आवारात मूठमाती देता आली नाही अशा माणसांचा लँग्टनशी काय संबंध होता? जॉनने उलट चर्चच्या मिळकती ताब्यात घेऊन पैसा केला. त्याला स्वतःला वाळीत टाकलं ते १२०९ मध्ये, आणि नमला तो १२१३ मध्ये, राज्य पोपच्या चरणी ठेवून वर्षाला हजार मार्क द्यायचं कबूल करून.

बाप्तिस्म्यासारख्या विधींना, म्हणजे सॅक्रामेंटला, आमच्याकडे ‘संस्कार’ म्हणतात. दारूबंदी, गावबंदी, तशी ‘संस्कारबंदी’. वाळीत माणूस पडतो, संस्कारबंदी मुलखावर येते.

पहिलं उत्तर देणारे

‘संस्कारबंदी’ फार चांगला. दफन संस्कारांत मोडत नाही, तेवढं वाक्यात वेगळं सांगा.

एक राहिलं, ताई. कानोसाच्या शेवटी ‘पोपने राजाला माफ केले’ असं लिहिलं असेल तर बदला. ‘परत घेतले’ लिहा, जसं गोतात परत घेतात. ग्रेगरीने १०८० मध्ये हेन्रीला पुन्हा वाळीत टाकताना हाच भेद पुढे केला: मी त्याला कम्युनियनमध्ये परत घेतलं होतं, गादी परत दिली नव्हती. सरदारांनीही मार्च १०७७ मध्ये आपल्यातल्याच रुडॉल्फ या सरदाराला राजा निवडलं होतंच. ‘माफ केले’ म्हटलं की पुढची लढाई का झाली, असं तुमचा भाचा पुन्हा विचारेल.