पाच चॅनलचा एकच अ‍ॅम्प की दोन वेगळे, गाडीतल्या गाण्यांसाठी? (खारी हवा धरून बोला)

जांभ्याचो_चिरो (देवगड)
गाडी छोटी, हॅचबॅक. पुढच्या दारांत साडेसहा इंची कॉम्पोनंट (बारीक आवाजाचा ट्वीटर वेगळा असलेले स्पीकर) बसवलेत, मागे कंपनीचेच, दोन्ही एकात असलेले, कोअ‍ॅक्सियल. डिकीत बंद पेटीतला दहा इंची सब (फक्त खालचा ठेका वाजवणारा स्पीकर) येतोय, ३०० वॅट आरएमएस (सतत झेपणारी ताकद), दोन कॉइल (स्पीकर हलवणारी तारेची गुंडाळी), ४-४ ओमच्या (ओम म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो जितका कमी तितका ताण जास्त). अ‍ॅम्प (स्टिरिओचा आवाज वाढवणारा डबा) अजून घेतलेला नाही.

माझं मत आधीच टाकतो, म्हणजे झोडपायला सोपं. एवढ्याशा गाडीत पाच चॅनलचा एकच क्लास डी (वीज कमी वाया घालवणारा) अ‍ॅम्प घ्यावा. चार चॅनल (वाटा) ७५-७५ वॅटचे चार स्पीकरना, पाचवा सबला, २ ओमला ३०० चा. पॉवरची तार एक, अर्थ एक, फ्यूज एक. आपल्याकडे जितके जोड तितका कळंक. दोन अ‍ॅम्पचा थाट घाटावरच्या कोरड्या हवेत करावा.

आणि 'स्टिरिओवर ४ × ५० लिहिलंय, अ‍ॅम्प हवाच कशाला' असं कुणी विचारायच्या आत उत्तर देऊन ठेवतो. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट मिळतात. त्यातून आवाज न फाटता स्पीकरला फार तर १३ व्होल्टचं शिखर जातं, म्हणजे आरएमएस (प्रत्यक्ष कामाला येणारे व्होल्ट) ९.२ च्या आसपास. त्याचा वर्ग करून ४ ने, म्हणजे स्पीकरच्या ओमने, भागा. २१ वॅट. पन्नास फक्त पेटीवर.

घाटउतार (चिपळूण)
जोडांचं पटलं, बाकी नाही. ६०० वॅटचा सगळा ताप तू एकाच डब्यात कोंबतोयस. मे महिन्यात गाडी दुपारभर बंदरावर उभी करून ये, मग एसी लागायच्या आत सब जोरात लाव, अ‍ॅम्प स्वतःच बंद होईल. सबपुरता वेगळा मोनोब्लॉक (एकाच चॅनलचा, म्हणजे मोनो) असला तर तो एकटा झोपतो, पुढचं गाणं चालू राहतं. उद्या बारा इंची सब घ्यावासा वाटला (वाटतोच) तर मोनो तेवढा बदलायचा. पाच चॅनलवाला अख्खा डबा विकायला काढतो.

अजून एक. कुणीही अ‍ॅम्प सीटखाली ठेवू नका. २०२१ च्या जुलैत चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा माझी गाडी दारातच होती. इंजिन नंतर सुरू झालं, सीटखालचा अ‍ॅम्प मात्र उघडला तर आत चिखलाची वडी. आता डिकीत, मागच्या सीटच्या पाठीला, उभा लावलाय.

चाकरमानी_दिवा
भाई, एवढं गणित कशाला? ऑनलाइन ३००० वॅटचा मोनो मिळतोय स्वस्तात. गणपतीला गावच्या वळणावर आलो की कळलं पाहिजे कोण आलंय ते.

मिऱ्याचा_वारा (रत्नागिरी)
चाकरमानी भाऊ, त्या ३००० वॅटवाल्याचा फ्यूज किती अँपिअरचा ते बघून सांगा. बहुतेक ३० निघेल. ३० गुणिले १३.८ म्हणजे आत जाणारी वीजच ४१४ वॅट. क्लास डी त्यातली ८० टक्के बाहेर काढतो असं धरलं तरी ३३० च्या वर काय येणार? पेटीवरचा आकडा वाचूच नये, फ्यूज वाचावा.

आता मूळ भांडणाबद्दल. तुम्ही दोघं डब्यावरून भांडताय आणि तारेचा विषयच नाही. बाजारात 'अ‍ॅम्प किट' म्हणून येतं त्यातली जाड लाल तार बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते. वरून लालभडक, बोटभर जाड, आणि जाडी निम्मी रबराची. एक धागा ब्लेडने खरवडा. आत पांढरा निघाला तर परत करा. अस्सल ८ गेज (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड) तांब्यातही ५० अँपिअर ओढले की पाच मीटरमध्ये अर्धा व्होल्ट गळतो, ४ गेजमध्ये पाव व्होल्टही नाही. मुलाम्याच्या तारेत याहून जास्त, आणि एकदा का थिंबलपाशी (तारेच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) खारं पाणी शिरलं की अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते.

मी मिरकरवाड्यात ट्रॉलरची वायरिंग करणाऱ्याकडून तार घेतली. बोटीला लावतात ती कल्हई केलेल्या तांब्याची, धागे रुपेरी दिसतात. (इथे खरवडल्यावर आत तांबडं दिसायला हवं, वरच्याच्या बरोब्बर उलट.) त्याने थिंबल दाबून वर आतून गोंद असलेली नळी चढवली, लायटरने तापवली, कडेने गोंद बाहेर आला तेव्हा म्हणाला, 'आता ही समुद्रात टाक.' चार पावसाळे झाले. गाडीचं दुकान मला हे कधीच देत नव्हतं. बॅटरीपासून वीतभर अंतरावर मुख्य फ्यूज घालायलाही त्यांना आठवण करून द्यावी लागली. तो फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतो, तार पत्र्याला घासली तर गाडी पेटू नये म्हणून असतो.

खाडीपलीकडे (गुहागर)
मला तर पाच नको आणि चार-अधिक-एकही नको. चार चॅनलचा साधा अ‍ॅम्प पुरे. मागचे स्पीकर काढून टाका! भजनाला बुवांच्या समोर बसता की पाठ करून? दोन चॅनल पुढच्या कॉम्पोनंटला, उरलेले दोन ब्रिज करून (दोघांची ताकद एकत्र जोडून) सबला. अट एकच, ब्रिज केल्यावर सब ४ ओमचा हवा, कारण प्रत्येक चॅनलला त्याचा अर्धाच भार दिसतो. चिरोदादा, तुमच्या दोन कॉइल सिरीजमध्ये ८ होतील (ताकद कमी) नाहीतर पॅरललमध्ये २ (ताण जास्त), म्हणजे सबच बदलावा लागेल. पण तो अजून 'येतोय' ना? मग एका कॉइलचा ४ ओमचा मागवा.

घाटउतार
ताई, मागे मुलं बसतात हो. त्यांनी काय ऐकायचं, डिकी?

खाडीपलीकडे
मुलांच्या कानात त्यांची स्वतःची बोंडं असतात. तवसाळच्या फेरीत शेजारच्या गाड्यांमध्ये बघते ना मी.

घाटउतार
बरं, हरलो. पण ओमचा विषय निघालाच आहे तर माझी फजिती सांगतो. नाव न घेता, एका दुकानाने मला २-२ ओमच्या कॉइलचा सब दिला, पाच चॅनलचा अ‍ॅम्प दिला, आणि पॅरलल जोडून दिला. म्हणजे १ ओम. अ‍ॅम्पच्या मागे स्पष्ट छापलेलं, सबच्या चॅनलला कमीत कमी २. दुकानात हळू आवाजात मस्त वाजला. त्याच रात्री कशेडी घाटात लाल दिवा, सगळं मुकं. महिनाभर मी अ‍ॅम्पलाच शिव्या देत होतो. माझा पाच चॅनलवरचा राग तिथूनच आहे हे कबूल करतो.

जांभ्याचो_चिरो
मग अ‍ॅम्पचो काय दोष, मेल्या! चूक जोडणाऱ्याची. माझ्या ४-४ च्या कॉइल पॅरललमध्ये बरोबर २ होतात, म्हणूनच तो सब निवडला. ताई, म्हणून सब बदलत नाही.

तापाचं मान्य. पण विजेचं कुणी बोलत नाही. छोट्या पेट्रोल गाडीचा अल्टरनेटर ७०-८० अँपिअरचा. जुलैतली रात्र धरा, हेडलाइट, वायपर, एसीचा ब्लोअर, मागच्या काचेची तार, सगळं एकदम चालू. उरलं किती? ६०० वॅट पूर्ण ओढायला पन्नासेक अँपिअर लागतील. त्यावर अजून मोठा मोनो कुठून पोसू?

मिऱ्याचा_वारा
गाणं म्हणजे हीटर नव्हे रे. सरासरी ओढ पूर्ण ताकदीच्या फार खाली असते, ठेका पडतो तेवढ्यापुरती उसळी. मोठा अ‍ॅम्प कमी आवाजात वाजवलास तर जास्त वीज खात नाही. उलट छोटा अ‍ॅम्प पिळलास की आवाज फाटतो आणि ट्वीटर जळतो. वॅट जास्त झाल्याने जळण्यापेक्षा फाटक्या आवाजाने जळलेले मी जास्त पाहिलेत.

आणि गेनचं बटण (स्टिरिओचा आवाज किती पट वाढवायचा ते ठरवणारं) म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, हे दुकानवाल्याला सांगा. स्पीकर सोडवा, स्टिरिओ पाऊण आवाजावर ठेवा, १ किलोहर्ट्झचा टोन लावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर. ७५ वॅट ४ ओमला म्हणजे १७.३ व्होल्ट, तिथे गेन थांबवा. सबला ५० हर्ट्झचा टोन, ३०० वॅट २ ओमला, साडेचोवीस. मग पुढच्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचं तोडा, सबला ८० च्या वरचं. साडेसहा इंचीला खालचा ठेका द्यायचा नाही, त्याचा जीव केवढा.

चाकरमानी_दिवा
फ्यूज बघितला. २५ चा आहे.

खाडीपलीकडे
😄 वळणावर कळेलच, कोण आलंय ते.

जांभ्याचो_चिरो
पाच चॅनलवर ठाम आहे, पण डिकीत उभा, आणि तार मिरकरवाड्याची. मित्राचा सब आणि अ‍ॅम्प दोन दिवस लावून बघितला. गावच्या भजनाचं रेकॉर्डिंग लावलं. पखवाजाची डावी बाजू, कणीक लावलेली, काय धूम येते! पण प्रत्येक धूमनंतर मागून ठक-ठक. पेटीचे स्क्रू आवळले, नंबरप्लेटखाली फोम घातला, गेन कमी केला, ठक-ठक आहेच. शेवटी आईने विचारलं, 'डिकीत नारळ ठेवलंय ते काढलंस काय रे?'

घाटउतार
किती ओमचे होते?