शोधपेटीत कीबोर्ड आणि माउस एकमेकांच्या आड येतात, तेव्हा काय करावे?

नोंदवही

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथसूचीचे शोधपान मी हौसेने सांभाळतो. काउंटरवरच्या बाई इन्स्क्रिप्ट कळफलकावर (ज्यात प्रत्येक कळेवर थेट देवनागरी अक्षर असते) झरझर टंकतात, तर शेजारच्या संगणकावर बसणाऱ्या सभासदांचे माउसवाचून पान हलत नाही. पेटीत काही अक्षरे पडली की खाली सूचनांची यादी उघडते, आणि नेमकी तिथेच अडचण आहे. माउसचा बाण पेटीखाली नुसता पडून असला, तरी यादी उघडताच त्याच्याखाली आलेली ओळ आपोआप निवडली जाते. काल बाईंनी ‘पाणी’ टंकून एंटर दाबला, तर समोर ‘पाणीपुरवठा खात्याचे अहवाल’ उभे राहिले. माउसने निवडण्याची सोय काढावी, तर सभासद अडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे, तिरक्या रेघेची (/) कळ दाबली की थेट शोधपेटीत जाता यावे अशी सोय मी केली होती. माझ्याकडे ती चालते, बाईंकडे चालत नाही. मध्यंतरी कोडमध्ये एक बदल केल्यावर दोन दिवस चालली, पण बाईंनीच ती काढायला लावली. कारण विचारायचे राहून गेले.

टिचकी

बाण ओळीवर असणे आणि ती ओळ निवडलेली असणे, या दोन गोष्टी तुमच्या कोडमध्ये एकच झाल्या आहेत. माउस जागचा हलला नाही, पण त्याच्याखाली पानावरचा घटक बदलला, तरी ब्राउझर ‘माउस आत आला’ असेच कळवतो. त्यामुळे बाणाचे आधीचे आणि आताचे स्थान ताडून पाहावे आणि ते खरोखर बदलले असेल तरच ओळीला फिकट रंग द्यावा. मी तर याच्याही पुढे जाईन. एंटरने उघडायची ओळ केवळ वर-खालीच्या बाणकळांनीच ठरावी. माउसवाल्याला क्लिक आहे, त्याला एंटरची गरज नाही. बाणकळ दाबलेलीच नसेल, तर एंटरचा अर्थ एकच: जे टंकले आहे ते शोधा.

जाता जाता आणखी एक. ओळीवर माउसचे बटण खाली जाताच पेटीवरचा फोकस (म्हणजे टंकलेले तिथेच जाण्याची स्थिती) सुटतो, फोकस सुटला म्हणून यादी मिटते, आणि क्लिक पूर्ण होईपर्यंत तिथे ओळच उरत नाही. यावर पुष्कळ जण यादी थोडी उशिरा मिटवतात. ती मलमपट्टी झाली, कारण सावकाश क्लिक करणाऱ्या वयस्कर सभासदाला तो उशीरही पुरत नाही. यादीवर बटण खाली जाण्याची मूळ क्रियाच ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ने (ब्राउझरची ठरलेली कृती थांबवणाऱ्या आज्ञेने) रोखावी, म्हणजे फोकस पेटीतच राहतो.

अर्धा_र

तिरक्या रेघेचे कोडे सोपे आहे. इन्स्क्रिप्टमध्ये त्याच कळेवर ‘य’ असतो. तुमचा कोड उमटणारे अक्षर पाहत असेल, तर बाईंच्या कळफलकावरून त्याला रेघ कधी मिळणारच नाही. मधल्या काळात तुम्ही बहुधा अक्षराऐवजी कळेची जागा तपासायला लागलात; तसे केल्यावर सोय चालते खरी, पण प्रत्येक ‘य’ तिच्या तोंडी जातो.

एकाच अक्षराचे शॉर्टकट मला मुळातच पटत नाहीत. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) वापरणारे एकेका अक्षराने मथळे आणि दुवे गाठत असतात, त्यांच्या वाटेत हे येतात. आवाजी आज्ञा देणाऱ्यांचीही पंचाईत होते. म्हणूनच २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये, म्हणजे संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत, असा शॉर्टकट बंद करता यावा, बदलता यावा किंवा संबंधित घटकावर फोकस असतानाच चालावा, अशी अट आली. कंट्रोल-के हा पर्याय सुचेल, पण क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ती जोडी आधीच ब्राउझरच्या स्वतःच्या शोधासाठी राखलेली आहे. काउंटरच्या पानावर पान उघडताच फोकस पेटीत ठेवा; तेवढ्याने काम भागेल.

दुवा_जोडणारा

वरच्या दोघांशी सहमत आहे, पण एंटरबाबत एक राहिले. सभासदांपैकी कोणी फोनेटिक पद्धतीने, म्हणजे रोमन अक्षरांतून मराठी टंकत असेल, तर शब्द पक्का करण्यासाठीही तो एंटरच दाबतो. शब्दरचना चालू आहे का, म्हणजे शब्द अजून पक्का व्हायचा आहे का, हे ब्राउझरच्या ‘इज-कंपोझिंग’ या खुणेवरून तपासल्याशिवाय शोध सुरू करू नये. सफारीत रचना संपल्याची खबर आधी येते आणि एंटर नंतर, त्यामुळे तिथे कळेचा जुना क्रमांक २२९ (शब्दरचनेत वापरलेल्या कळेला मिळणारा) आहे का, तेही पाहावे लागते.

माउसवाल्यांसाठी शोधनिकालांतील प्रत्येक नोंद हा खरा दुवा असू द्या. दुवा नसलेल्या नुसत्या चौकटीवर क्लिक बसवले, की मधल्या बटणाने नव्या टॅबमध्ये उघडणे बंद पडते, शिवाय टॅबकळेने तिथे पोहोचताही येत नाही.

नोंदवही

सर्वांचे आभार. बाणाचे स्थान ताडून पाहण्याचा बदल केला. ‘पाणी’ आता पाणीच शोधते. ‘अर्धा_र’ यांचा अंदाज अचूक निघाला, मी कळेची जागाच तपासत होतो. त्या दोन दिवसांचे शोध आत्ता काढून पाहिले. त्यांत ‘शवंत’ आहे, ‘ंत्र’ आहे, आणि एका ठिकाणी ठिपक्यांच्या वर्तुळाला काना लावून ‘ात्रा’ तीनदा टंकलेले आहे.