रात्रीची रेल्वे की विमान? युरोपातल्या प्रवासाचे तुमचे अनुभव लिहा

उन्हाळा जवळ आला की इकडच्या मराठी घरांत एकच बेत शिजू लागतो: आईबाबा येणार, तीन आठवडे राहणार, तेवढ्यात चार देश दाखवायचे. मग शहरातून शहरात जायचं कसं, यावर रोज रात्री चर्चा. आम्ही व्हिएन्नात राहतो, त्यामुळे पाहुण्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. म्हणून हा धागा. तिकीट कितीला पडलं ते लिहाच, पण झोप लागली का, सामानाचं काय केलं, सोबत कोण होतं आणि सकाळी उतरल्यावर अंगात फिरण्याइतकं त्राण होतं का, हेही लिहा. विमान बरं वाटलं असेल तर तेही मोकळेपणी सांगा.

माझ्यापासून सुरुवात करते. व्हिएन्ना ते झ्युरिक विमान जेमतेम दीड तासाचं, पण घराचं दार ओढल्यापासून झ्युरिकच्या हॉटेलात बॅग टेकेपर्यंत अर्धा दिवस गेलेला असतो. दिवसाची रेल्वे साधारण आठ तास घेते, आणि ऑस्ट्रियातल्या टायरॉलचे डोंगर पाहायचे असतील तर मी तीच सुचवेन. नाइटजेट, म्हणजे ऑस्ट्रियाच्या रेल्वेची रात्रगाडी, घरी जेवून पकडता येते आणि सकाळी शहराच्या मध्यात सोडते. तिच्यात तीन प्रकार आहेत: नुसती खुर्ची, कुशेट म्हणजे चार किंवा सहा साध्या बर्थचा कंपार्टमेंट, आणि स्लीपर म्हणजे एक ते तीन जणांची जास्त सोयीची खोली. कुशेटमध्ये उशी, चादर, पांघरूण मिळतं आणि सकाळी पाव, लोणी, जॅम, चहा-कॉफी. पैसे वाचवायला खुर्ची घेऊ नका, एवढं मी सगळ्यांना कळकळीने सांगते. रात्रभर पाय दुमडून बसलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी झ्युरिकचं सरोवरही दिसत नाही.

अजून एक. जुनी माहिती वाचून बेत आखू नका. जर्मन रेल्वेने २०१६ च्या शेवटी आपल्या झोपायच्या गाड्या बंद केल्या आणि ऑस्ट्रियाच्या रेल्वेने त्यातले बरेच मार्ग उचलले, तेव्हापासून हे जाळं सतत बदलतं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये मोठ्या कौतुकाने सुरू झालेली व्हिएन्ना-पॅरिस गाडी डिसेंबर २०२५ मध्ये बंदही झाली. फ्रान्स सरकारने मदत थांबवली, हे कारण.

झ्युरिकहून

ताई, आईबाबांचा विषय काढलात म्हणून लिहिते. सांगलीहून आई आणि सासूबाई आल्या होत्या, त्यांना घेऊन याच मार्गावर उलट दिशेने गेले. मी तीन बर्थचा स्लीपर घेतला. खोलीतच बेसिन असतं, दार आतून बंद होतं, स्टेशन यायच्या आधी अटेंडंट उठवतो. पण बर्थ एकावर एक तीन असतात, म्हणजे खालचा एकच. दोघींचेही गुडघे दुखरे. शिडी चढणं एकीला तरी भागच होतं. शेवटी आई मधल्या बर्थवर गेली आणि रात्री बाथरूमसाठी मला दोनदा उठवलं. दोन ज्येष्ठ माणसं असतील तर चार बर्थचा कुशेट पूर्ण घ्या, त्यात दोन्ही बाजूंना खाली एकेक जागा मिळते. बेसिन नसतं, पण शिडी टळते, आणि माझ्या मते तेच जास्त मोलाचं.

सासूबाईंना सगळ्यात आवडलं ते हे, की डब्यातला साजूक तुपाचा शिरा आणि लसणाच्या तेलातली ओली चटणी कोणी काढून घेतली नाही. विमानात हातातल्या सामानाला बऱ्याच ठिकाणी अजूनही द्रव पदार्थांचा १०० मिलीचा नियम आड येतो.

म्युनिकहून

मी विमानाच्या बाजूने. दोन दिवसांची सुट्टी, पाठीवर एक छोटी सॅक, लिस्बनला जायचंय: इथे रेल्वेचा विचारच नको. मात्र विमानतळ कुठला, ते आधी नकाशावर बघा. 'म्युनिक वेस्ट' म्हणून खपणारं मेमिंगेन शहरापासून शंभरावर किलोमीटर दूर आहे, आणि पॅरिसचं म्हणून विकलं जाणारं बोवे सुमारे ८५ किलोमीटर. स्वस्त तिकिटात बसचं भाडं, बसचा वेळ आणि मोठ्या बॅगेचे पैसे मिळवा आणि मगच तुलना करा.

हॅम्बुर्गहून, विद्यार्थिनी

एकटीने जाणाऱ्या मुलींसाठी लिहिते. डिसेंबर २०२३ पासून हॅम्बुर्ग ते व्हिएन्ना आणि इन्सब्रुक मार्गावर नवीन नाइटजेट आहे. तिच्यात एका माणसापुरती बंद मिनी-केबिन मिळते, आडवं दार ओढून घेतलं की आपण आणि आपली गादी. मला गाढ झोप लागली. शेजारच्यांचं घोरणं ऐकू येतं, ते मात्र खरं. बुटांना आणि छोट्या बॅगेला कुलूपबंद कप्पा आहे, पण भारतातून आणलेली २३ किलोची बॅग त्यात मावत नाही, ती डब्याच्या रॅकवर ठेवावी लागते. सोबत हवीशी वाटत असेल तर कुशेटमध्ये फक्त बायकांचा कंपार्टमेंट मागता येतो.

तिकिटावरचा डबा क्रमांक पाहूनच चढा. ही गाडी न्यूरेंबर्गला दुभंगते, अर्धे डबे व्हिएन्नाला आणि अर्धे इन्सब्रुकला जातात, आणि तेव्हा आपण झोपेत असतो.

बुडापेस्टहून

बुखारेस्टची रात्रगाडी. पूर्वी ऐन झोपेच्या वेळी दोनदा उठवायचे: आधी हंगेरीचे पोलीस, मग सीमेपलीकडे कुर्तिचला रुमानियाचे. भारतीय पासपोर्ट म्हटला की पानं जरा जास्तच वेळ उलटली जायची. १ जानेवारी २०२५ पासून रुमानिया आणि बल्गेरिया जमिनीवरच्या सीमांसाठीही शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात, आले आणि तो त्रास गेला. तरीही पासपोर्ट उशाशी ठेवा. जर्मनीत शिरणाऱ्या गाड्यांत पोलीस आजही कागद बघतात.

लिंझहून, रेल्वेत नोकरी

"रेल्वे इतकी महाग का" असं सगळेच विचारतात. खुर्च्यांच्या डब्यात जितकी माणसं बसतात त्याच्या निम्मीही स्लीपरमध्ये झोपत नाहीत. तो डबा रात्रीतून एकच फेरी करतो, दिवसा उभा असतो. प्रत्येक देश रूळ वापरण्याचे पैसे वेगळे घेतो. विजेचा दाबही बदलतो: ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंडमध्ये १५ हजार व्होल्ट, इटलीत ३ हजार, नेदरलँड्समध्ये दीड हजार. त्यामुळे सीमेवर इंजिन बदला किंवा सगळीकडे चालणारं महागडं इंजिन घ्या. उलट आंतरराष्ट्रीय विमानांच्या इंधनावर कर नाही, तिकिटावर व्हॅट नाही. प्रवासी रेल्वेला खर्चिक म्हणतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण दोघांना नियमच वेगळे लावलेत.

रोमहून

सिसिलीला विमानाने जाऊच नका, निदान एकदा तरी. व्हिला सान जोवान्नीला अख्खी गाडी तुकड्या-तुकड्यांनी जहाजाच्या पोटात ढकलतात आणि मेसिनाची सामुद्रधुनी ओलांडून पलीकडे पुन्हा जोडतात. डब्यातून उतरून जहाजाच्या डेकवर जाता येतं, तिथल्या बारमध्ये गरम अरांचिनी, म्हणजे भाताचे तळलेले गोळे, मिळतात. पाणी तीनेक किलोमीटर रुंद, पण या सगळ्या उठाठेवीत तासाहून जास्त वेळ जातो. माझा मुलगा पूर्ण वेळ जागा राहून प्रत्येक डबा आत येताना बघत होता. घाई असेल तर विमान तासाभरात पोचवतं, हेही सांगून ठेवतो.

ब्रसेल्सहून

वाईट अनुभवही हवा ना? एका गाडीला रात्रीच्या रूळदुरुस्तीमुळे वळसा पडला, दोन तासांवर उशीर झाला आणि पुढची जोडगाडी चुकली. युरोपीय नियमाने तासाभराच्या उशिराला तिकिटाचे २५ टक्के आणि दोन तासांवर ५० टक्के परत मिळतात, ते अर्ज केल्यावर मिळालेही. विमानात तीन तासांच्या वर उशीर झाला आणि दोष कंपनीचा असला तर १,५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला २५० युरो मिळतात, तिकीट कितीचंही असो. म्हणून सकाळी लग्न, मुलाखत किंवा मुंबईचं विमान असेल तर रात्रीच्या रेल्वेवर भरवसा ठेवू नका, आदल्या दिवशीच पोचा. नुसतं फिरायला जायचं असेल तर मी अजूनही तिनेच जाते.