दाराच्या पॅनलचं कापड रंगवताना फसलोय, मदत हवी आहे

मंडळी, गाडीच्या दाराच्या पॅनलवरचं कापड पार विटलं होतं म्हणून घरीच काळं करायला घेतलं, सुती कपड्यांचा रंग गरम पाण्यात कालवून ब्रशने मारला आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसलं तर अर्धा रंग फडक्यावर! नंतर कळलं कापड पॉलिस्टरचं आहे, त्याला डिस्पर्स डाय (पॉलिस्टरसारख्या कृत्रिम धाग्यांचा रंग) लागतो आणि तोही उकळत्या पाण्यात, आता पॅनल काय पातेल्यात घालू? म्हणून नवीनच कापड चिकटवायचं म्हणतोय, पण जुन्याखालचा फोम हात लावला की पिवळा भुगा होऊन गळतोय. तो पूर्ण खरवडायचा का? आणि उन्हात तापून सुटणार नाही असा गोंद कुठला? एअरबॅगवाल्या पिलरला (छत पेलणाऱ्या, काचांमधल्या खांबाला) हात लावणार नाहीये, तेवढी अक्कल आहे.