मदत हवी आहे : कॅसेटवरील जुन्या विनोदी चित्रपटांची कोणती आवृत्ती घ्यावी?

नमस्कार. प्रदर्शनाच्या वेळी फारसे न चाललेले, पण पुढे व्हिडिओ कॅसेटवर पुन्हा पुन्हा पाहून चाहत्यांना तोंडपाठ झालेले १९८०च्या दशकातील काही विनोदी चित्रपट माझ्याकडे व्हीएचएसवर आहेत. फिती आता खराब होत चालल्याने ते डिस्कवर संग्रही ठेवण्याचा विचार आहे. अडचण आवृत्तीची आहे. पाल या भारत-युरोपातील जुन्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेम्सचा) चित्रपट बहुधा २५ चौकटींच्या वेगाने चालतो, त्यामुळे १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांतच संपतो आणि आवाजही किंचित चढा लागतो. इतर चित्रपटांत हे एक वेळ खपून जाईल, पण विनोदात क्षणभराच्या विरामावरच सारे अवलंबून असते! ब्लू-रेवर २४ चौकटींचा मूळ वेग राखता येतो आणि जुन्या टीव्हीच्या ४:३ आकारासाठी कापलेल्या कडाही बहुधा परत मिळतात. मात्र काही नव्या आवृत्त्यांत मूळ मोनो (एकाच वाहिनीचा) ध्वनी वगळून केवळ नव्याने मिसळलेला ध्वनी दिलेला असतो. तेव्हा खरेदीपूर्वी मूळ ध्वनी आहे की नाही, हे खात्रीने कसे तपासावे? तसेच कॅसेट घरीच डिजिटल करायच्या झाल्यास टाइम बेस करेक्टर (फितीवरून येणाऱ्या चित्राची थरथर सुधारणारे उपकरण) खरोखर आवश्यक आहे का?